देवाला उभं राहायला एक वीट

लाडक्या लेकी,

तुझं पत्र परवा मिळालं. चारही पानं नाईटच्या मधल्या वेळात लिहिलेली दिसतात. तिसऱ्या पानापासून ओळी खाली उतरत गेल्यात. ‘पूर्वी रोज दिवेलागणीला आजीशेजारी बसून हरिपाठ म्हणायचे. आता आयसीयूतून येते, पडते, दुपारी उठते, डबा भरते, पुन्हा जाते. देव लांब गेलाय की मी, तेच कळत नाही,’ असं लिहिलंयस. नर्सिंग कॉलेजात मला मॅडम म्हणायचीस, या पत्रात पहिल्यांदा मावशी म्हटलंस. म्हणून मावशीनं लिहावं तसंच लिहिते.

हा प्रश्न मलाही पडला होता, साधारण तुझ्याच वयात. तेव्हा विचारायला कुणी नव्हतं. घरी बोलले असते तर ‘नोकरी सोड’ म्हणाले असते, वॉर्डात बोलले असते तर ‘झोप काढ’ म्हणाले असते. झोप तर काढच. अंग मोडून आलेलं असताना देवाविषयी जे जे वाटतं, त्यातलं निम्मं थकव्याचं असतं. पण उरलेलं निम्मं खरं असतं आणि त्याच्याविषयीच मला बोलायचंय.

पुंडलिकाची गोष्ट तुला माहीत आहे. तो आईबापाचे पाय चेपत बसलेला, देव दाराशी आला. पुंडलिकानं मागे न वळता एक वीट भिरकावली, ‘यावर उभा राहा’ म्हणाला. देव उभा राहिला, तो युगे अठ्ठावीस तसाच. लहानपणी कीर्तनात ही गोष्ट इतक्यांदा ऐकली की पुढचं वाक्य मला आधीच पाठ असायचं. तिचा अर्थ मात्र कळला तो एका म्हातारीला पहाटे तीनला कुशीवर वळवताना. पाठीला फोड येऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची, हे तूही करतेसच. तेव्हा मनात आलं, पुंडलिकानं हातातले पाय सोडले नाहीत. आणि दाराशी कोण आलंय तेही विसरला नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी केल्या. जवळ होतं काय, तर एक वीट. तेवढी दिली. पाट नाही, गादी नाही. आणि देव रागावला नाही, तो तिच्यावर उभा राहिला.

तुझ्या दिवसात देवाला उभं राहायला एवढी वीट आहे का, हे आधी बघ. हरिपाठ सुटला म्हणून देव सुटला असं तू धरून चालली आहेस. मला वाटतं हरिपाठ ही तुझ्या आजीच्या दिवसातली वीट होती. आजीचा दिवस सूर्याबरोबर चालायचा, तुझा रोस्टरबरोबर चालतो. तुझी वीट तुला वेगळी शोधावी लागेल.

आता यावर लोक पटकन म्हणतात, ‘अगं, काम हीच पूजा.’ हे तुला कुणी सांगितलं तर जपून घे. मी बारा-तेरा वर्षं हेच म्हणत होते. मग एकदा लक्षात आलं की पूजा कधीच संपून गेलीय, नुसतं काम उरलंय. महिनेच्या महिने देवाचं नाव ओठावर आलं नव्हतं, आणि त्याची आठवणही नव्हती. वर ‘मी रुग्णांची सेवा करते’ हा ताठा तेवढा वाढला होता. वॉर्डात कुणाशी गोड बोलत नव्हते. काम चोख होतं, पण त्यातून देवाकडे जायची वाट बुजली होती.

आमचं माहेर माढा तालुक्यातलं, म्हणून सावता महाराज मला घरचे वाटतात. त्यांचं अरण गाव आमच्या बाजूलाच. ‘कांदा मुळा भाजी, अवघी विठाई माझी’ ही ओळ लोक ‘काम हाच देव’ या अर्थानं भिंतीवर लावतात. पण नीट बघ, महाराज कामाला देव म्हणत नाहीत. मळ्यात वाकले की त्यांना विठाई दिसते, आणि ते तिला हाक मारतात. दिवसभर पाट वळवणाऱ्या या माणसाचे अभंग आज ३७ मिळतात. म्हणजे हात मातीत असताना तोंड त्याच्याशी बोलत होतं. ते पंढरीला गेले नाहीत असं सांगतात. सगळ्या संतांच्या पालख्या पंढरपूरला जातात, आणि पांडुरंगाची पालखी मात्र अजून अरणला त्यांच्या भेटीला येते. मळा सोडला नाही म्हणून देव दुरावला नाही. पण मळ्यात बोलणंही थांबवलं नाही, हे विसरू नकोस.

मग तू कुठे बोलायचंस? मी काय केलं ते सांगते, पटलं तर घे.

साबणानं हात धुवायला ४० ते ६० सेकंद लागतात, हे मीच तुमच्याकडून घोकून घेतलं होतं. तळहात, बोटांच्या बेचक्या, अंगठे, नखं. आठ तासांच्या ड्युटीत तू किती वेळा हात धुतेस ते एकदा मोज. तो वेळ रिकामा असतो. त्यात मी ‘रामकृष्णहरी’ म्हणायला लागले, मनातल्या मनात, हात चोळण्याच्या ठेक्यावर. आठवडाभरानं ते आपसूक व्हायला लागलं. आपसूक झालं की मन पुन्हा भटकतं, म्हणून मग त्यात थोडी भर घातली. रुग्णाकडे जाण्याआधी हात धुताना त्याचं नाव घ्यायचं आणि देवाला सांगायचं, ‘याच्याकडे चालले आहे, बरोबर ये.’ परत आल्यावर हात धुताना सांगायचं, ‘माझं करून झालं, आता तू बघ.’

एक मात्र कटाक्षानं पाळ. डोस काढताना, इंजेक्शन भरताना, पंपाचा रेट लावताना नाम नको. तिथं सगळं चित्त त्या कुपीवर आणि त्या आकड्यावर हवं. त्या घटकेला देव तुझ्याकडे नामाची मागणी करत नाही, अशी माझी खात्री आहे.

आणि दुसरा हँडओव्हर. ड्युटी संपताना तू पुढच्या सिस्टरला एकेक बेड समजावून देतेस ना? तोच बसमध्ये बसल्यावर पुन्हा कर, देवाजवळ. ‘तीन नंबर, ताप उतरत नाही. पाच नंबरच्या पोरानं आज डोळे उघडले, तुझे उपकार. सात नंबरच्या मुलावर मी उगाच ओरडले, चूक माझी.’ चांगल्या शब्दांची गरज नाही. जसं घडलं तसं सांगायचं. मी हे किती वर्षं केलं त्याचा हिशेब नाही, पण खऱ्या अर्थानं प्रार्थना करायला मी त्या खिडकीजवळच्या सीटवर शिकले. घरी देव्हाऱ्यापुढे माझ्या तोंडून पाठ केलेलं यायचं, तिथे माझं स्वतःचं यायला लागलं. शिवाय बेड मनात घेऊन घरी जाणं थांबलं. तू लिहिलंयस की झोपेतही मॉनिटरचा आवाज येतो. हे करून बघ.

एकादशीचं विचारलंयस. नाईट असेल तर खा. मी एकदा निर्जळी करून नाईट केली आणि पहाटे औषध देताना माझा हात थरथरला. माझ्या पुण्याची किंमत दुसऱ्यानं का मोजावी? महिन्याला दोन एकादश्या येतात, ज्या सुटीत सापडतील त्या धर. माळेची घाई करू नकोस. माळ घातली की मांसाहार सुटतो, वारी लागते, आणि ते वचन असतं. मन ठरलं की घरातल्यांना सांगून, जाणत्या माणसाच्या हातून घे.

आता तुझ्या पत्रातलं मला सर्वांत टोचलेलं वाक्य: ‘नाम घेते पण आत काहीच होत नाही.’

निवृत्त झाल्यावर मी आळंदीहून वारीला गेले, पहिल्यांदाच पूर्ण चालत. अडीचशे किलोमीटरच्या आसपासची वाट. मला वाटलं होतं, डोळ्यांतून अखंड पाणी वाहील. दिवेघाटात वाहिलं खरं. बाकीचे दिवस ऊन, चिखल, टँकरपुढची रांग, टाचेचा फोड आणि रात्री तंबूत शेजारणीचं घोरणं. आमच्या दिंडीतली एक म्हातारी गेली कित्येक वर्षं डोक्यावर तुळशीवृंदावन घेऊन चालते. तिला मी विचारलं, ‘मावशी, रोज तेवढंच प्रेम दाटून येतं का हो?’ ती म्हणाली, ‘येतं तवा येतं. न्हाई आलं तर पाय तर हायेत.’ मला वाटतं, आपल्याकडच्या भक्तीत हे पाय फार मोठे आहेत. मन मागे पडलं तरी पाय पुढे नेतात, आणि कधीतरी मन धावत येऊन गाठतं. तू कोरड्या तोंडानं घेतलेलं नाम वाया जात नाही. मला तर तेच जास्त मोलाचं वाटतं, कारण त्यात स्वतःला मिळणारा काही आनंद नसतो.

माझी आई एका आषाढीला पंढरपूरला गेली आणि रांगेत उभीच राहिली नाही. दर्शनाला तासन्‌तास लागणार होते आणि घरी म्हैस व्यायला झालेली. तिनं कळसाला हात जोडले आणि संध्याकाळच्या गाडीनं परत आली. मी म्हटलं, ‘दर्शन राहिलं की गं.’ ती म्हणाली, ‘त्यानं मला बघितलं की.’ तू देवाला किती पाहिलंस याच्याच हिशेबात आहेस. त्याचं तुझ्याकडे लक्ष आहे, हे धरून दोन दिवस वागून बघ.

आणखी एक गोष्ट सांगायची आहे, ती कुणाला फारशी सांगितलेली नाही. माझ्या नोकरीच्या सहाव्या-सातव्या वर्षी बालविभागात एक मुलगी गेली. चार वर्षांची. रक्त वेळेवर आलं नाही. कुणाची चूक, किती चूक, ते तिथंच मिटवलं गेलं. मी घरी आले आणि देव्हाऱ्याचं दार लावून टाकलं. जवळजवळ वर्षभर उघडलं नाही. मला वाटायचं, देवावर रागावणं पाप आहे, त्यापेक्षा न बोललेलं बरं. इथेच मी चुकले. तुकोबांची पहिली बायको दुष्काळात अन्न अन्न करत गेली, हे त्यांनी स्वतः अभंगात सांगितलंय. पुढे ते देवाशी किती भांडलेत! त्याला कठोर म्हटलं, तू आहेस तरी का असंही म्हटलं. जनाबाईनं ‘अरे विठ्या’ म्हणून तोंडाला येईल ते सुनावलं. पण दोघांनीही जे म्हणायचं ते त्याच्या तोंडावर म्हटलं. दार लावून आत बसले नाहीत. तुझ्या पत्रातल्या एका ओळीवर तू रेघोट्या मारून ती खोडली आहेस. मला ती वाचता आली नाही, पण काय असेल त्याचा अंदाज आहे. ती ओळ मला नको लिहूस, त्याला सांग. न खोडता सांग.

तुझ्या वॉर्डात कधी ना कधी असा केसपेपर येईल: ‘अनोळखी पुरुष, वय अंदाजे ६०.’ रस्त्यावरून उचलून आणलेला, अंगाला वास, जवळ कुणी नाही. त्याच्याकडे जायला सगळे टाळतात, मीही टाळायचे. मग एकदा पंढरपूरला नामदेव पायरीशी उभी होते. समोर चोखोबांची समाधी. ज्याचे अभंग देवाच्या दारात गायले जातात, त्याला आणि त्याच्या लोकांना शतकानुशतकं आत जाता आलं नाही. १९४७ साली साने गुरुजींनी मे महिन्यात दहा दिवस उपोषण केलं, तेव्हा ते दार उघडलं. तिथं उभं राहून मला माझा वॉर्ड आठवला, आणि कोपऱ्यातला तो बेड. वारीत आपण एकमेकांच्या पाया पडतो, लहान-मोठा बघत नाही, सगळ्यांना माउली म्हणतो. तेच त्या बेडपाशी का जमत नव्हतं? त्यानंतर अनोळखी माणसाचं स्पंजिंग मी दुसऱ्यावर ढकललं नाही. पाय पुसताना मनात ‘माउली’ म्हणायचे. सुरुवातीला ते नुसतं म्हणणं होतं, वास येतच राहायचा. पण एका रात्री त्या माणसाच्या टाचांच्या भेगा पुसताना मला माझ्या वडिलांचे पाय आठवले, आणि मग तो अनोळखी राहिला नाही. त्याचं नाव शेवटपर्यंत कळलं नाही. मी अजून त्याच्यासाठी दिवा लावते.

घरून आईचा जो फोन येतो, तो नाईटला जाताना घेत जा. तीही वाट बघत उभीच असते.

कार्तिकात इथे पहाटे काकडा असतो. दोन दिवस सुटी जोडून ये. थंडी असते, शाल आण. नाही जमलं तर हरकत नाही, त्या पहाटे तू ड्युटीवर असशील तर चार-साडेचारला एकदा हात धुशीलच. तेव्हा आमच्या टाळांत तुझाही एक टाळ धरते. आणि पुढच्या पत्रात कितव्या बेडचं काय झालं ते लिही.

तुझी
मावशी