ट्रोलिंग मोटरची वायर आणि प्लग बॅटरीपाशी इतके गरम का होतात?

ट्रोलिंग मोटर म्हणजे मासेमारीच्या छोट्या बोटीला लावलेली, बॅटरीवर चालणारी मोटर. 12 व्होल्ट, 55 पाउंड थ्रस्टची (ढकलण्याच्या जोराची) मोटर फुल स्पीडला साधारण 50 अँपिअर ओढते, त्यामुळे वायर थोडी कोमट लागली तर चालतं, पण प्लगचं प्लास्टिक मऊ पडत असेल तर मोटर लगेच बंद करा, हे अंगावर काढू नका.

बहुतेक वेळा दोष मोटरचा नसतो, जॉइंटचा असतो. बोट पाण्यात बांधून मोटर फुलवर चालवा, मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवून एक प्रोब थेट बॅटरीच्या पोस्टवर (टर्मिनलवर) आणि दुसरा त्याच पोस्टवरच्या लगवर (वायरच्या टोकाच्या धातूच्या कडीवर) लावा. शून्याच्या जवळपास यायला हवं. तिथे अर्धा व्होल्ट दिसला तर 50 अँपिअरला 25 वॅट उष्णता त्या एवढ्याशा जागी तयार होतेय, म्हणजे छोटं सोल्डरिंग आयर्नच लावून ठेवल्यासारखं. मग असंच प्लग, ब्रेकर (जास्त करंट झाला की सर्किट तोडणारा स्विच), प्रत्येक जॉइंट तपासत पुढे जा.

खराब जॉइंट सापडला की आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, हिरवट गंज दिसला तर चांगली तांब्याची वायर लागेपर्यंत कापा, टिनकोटेड लग नीट क्रिंप करून (दाबून घट्ट बसवून) वर गोंदवाली हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी) चढवा. विंगनट हाताने आवळलेले हलून हलून ढिले होतात, त्याजागी नायलॉक नट (आत नायलॉनची रिंग असलेले, ढिले न होणारे) घाला. काळा पडलेला प्लग साफ करत बसू नका, बदलाच. वायर लांब असेल तर 6 गेजची जाड वायर घ्या.

प्रोपेलरमागे गळाची दोरी गुंडाळलीय का तेही बघा, त्याने करंट वाढतो. आणि ब्रेकर सारखा पडतो म्हणून मोठा ब्रेकर अजिबात टाकू नका, आग लागेल.