रानटी हत्तीचा माग कसा काढतात? गोव्यात अशा प्राण्यांना वाचवायला आपण काय करू शकतो?

तुम्ही विचारलंय की सप्टेंबर २०२५ मध्ये ओंकार नावाचा हत्ती उत्तर गोव्यातल्या पेडणे तालुक्यात आला, तेव्हा तो कुठे आहे हे वनखात्याला कसं कळत असेल, आणि अशा प्राण्यांसाठी सामान्य माणसाने काय करावं. मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातला, आमचं कुळागर (माड-पोफळीची बाग) रानाला लागूनच आहे. त्यामुळे उत्तर थोडं शेतकऱ्याच्या बाजूने झुकलेलं वाटलं तर वाटू दे.

ड्रोन, ठावठिकाणा कळवणारी गळ्यातली रेडिओ कॉलर वगैरे आहेच, पण माग काढायची सुरुवात अजूनही पायीच होते. हत्तीच्या पुढच्या पायाचा ठसा गोल, मागच्याचा लांबट. पुढच्या ठशाचा घेर दोरीने मोजून दुप्पट केला की त्याची खांद्यापर्यंतची उंची साधारण मिळते. पिल्लू की मोठा टस्कर (सुळेवाला नर), तिथेच कळतं. लीद ओली नि चकाकणारी असेल तर जनावर जवळच कुठेतरी आहे. शिवाय उभी फाडून गाभा खाल्लेली केळ, मोडलेला भेरली माड, अंग घासल्यावर झाडाला लागलेला चिखल. पावसाळ्यात हे वाचणं सोपं. उन्हाळ्यात जांभ्याच्या सड्यावर (उघड्या खडकाळ माळावर) ठसा उमटतच नाही, तिथे भलेभले चुकतात.

हत्ती आपल्याकडे वाट चुकून येतो, असं अजूनही बरेच जण समजतात. कर्नाटकातून आलेले हत्ती २००२ च्या सुमारासच गोव्याला लागून असलेल्या सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात उतरले. तिथल्या तिळारी धरणाचं पाणी, बांबू, फणस, आणि खाली माड-केळीच्या बागा असताना ते परत कशाला जातील? ओंकार पेडण्यातल्या तांबोसे, मोपा भागात उतरला तेव्हा भात पोटरीत होतं, म्हणजे कणसं बाहेर पडायच्या बेतात. फटाके लावून त्याला या वाड्यावरून त्या वाड्यावर ढकलण्यात नुकसान थांबत नाही, फक्त शेतकरी बदलतो. आणि बिथरलेला हत्ती कुठे वळेल याचा नेम नसतो.

कर्नाटकात हासन, कोडगूच्या बाजूला कळपातल्या मादीला कॉलर लावतात आणि आसपासच्या लोकांना मोबाईलवर निरोप जातो. ओंकारसारखा एकटा फिरणारा नर असेल तर मात्र त्यालाच कॉलर हवी, म्हणजे बेशुद्ध करणं, पशुवैद्य, परवानग्या, सगळा पसारा. तरी माझं मत असं की माग काढण्याचा उपयोग तेवढाच, जेवढी बातमी पहाटे शेतात निघालेल्या माणसाला आधी पोचते. ठावठिकाणा पणजीच्या कार्यालयात पोचून काय करायचा? वाड्यावरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आला पाहिजे. तुमच्या गावात असा ग्रुप नसेल तर बीटगार्डला (तुमच्या भागाच्या वनरक्षकाला) धरून तो सुरू करा.

वाघाचं बरोबर उलटं. त्याचा ठावठिकाणा जितक्या कमी लोकांना माहीत, तितका तो सुरक्षित. कॅमेरा ट्रॅप (जनावर समोरून गेलं की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे) पायवाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर लावतात, कारण दोन्ही कुशींवरचे पट्टे वेगळे असतात आणि प्रत्येक वाघाचेही वेगळे. असा फोटो तुमच्या हाती आलाच तर जागेच्या नावासकट फॉरवर्ड करू नका. जानेवारी २०२० मध्ये म्हादई अभयारण्यात गोळावलीला एक वाघीण आणि तिचे तीन बछडे मेलेले सापडले, विषाने. जुलै २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने म्हादई आणि आसपासचं रान तीन महिन्यांत व्याघ्र प्रकल्प म्हणून अधिसूचित करा असं सरकारला सांगितलं, मग प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. प्रकल्प व्हावा असं मला वाटतं. पण वाघाने गाय मारल्यावर भरपाई हातात पडायला महिने लागत असतील, तर कागदावरच्या सीमेने विष थांबत नाही. म्हणून शेजाऱ्याची गाय किंवा बैल मारला गेला तर त्याला पंचनामा करून घ्यायला मदत करा. मेलेलं जनावर हलवायच्या आधी फोटो काढा आणि त्याच दिवशी वनखात्याला कळवा. माझ्या हिशेबी वाघासाठी याहून मोठं काम आपल्या हातात नाही.

राहिली फासकी, म्हणजे जनावर धरायला लावलेले फास. रानडुकरासाठी क्लचची वायर लावतात आणि अडकतो बिबटा. रिकामी फासकी दिसली तर फोटो, जागा, फोन. बिबटा जिवंत अडकलेला असेल तर आधी गर्दी मागे हटवा. माणसं दिसली की तो झटके देतो आणि वायर कमरेत आणखी रुतते. पशुवैद्य येईपर्यंत कोणालाही व्हिडिओसाठी पुढे जाऊ देऊ नका.