वर्क ऑर्डर नव्हती म्हणून बिल बुडालं असं नाही, पण आता थांबू नका

सातारा जिल्ह्यातल्या एका छोट्या नगरपरिषदेच्या गावातून एका प्लंबिंग ठेकेदार भावांनी विचारलंय. तुळशीच्या लग्नाच्या आठवड्यात रात्री अकराला पाणीपुरवठ्याच्या इंजिनिअरचा फोन आला, टाकीकडे जाणारी जुनी बिडाची मेन लाईन फुटलीय, उद्या अर्ध्या गावाला पाणी नाही, जेसीबी घेऊन या, कागदाचं मागनं बघू. हे गेले, दोन रात्री आणि एक दिवस चिखलात उभं राहून स्वतःच्या पैशाचा पाईप आणि कॉलर (पाईप जोडायचा लोखंडी जोड) टाकून लाईन चालू केली. बिल १,८६,००० रुपये. तेव्हा प्रशासक होते, आता निवडणूक होऊन नवीन बॉडी आलीय आणि चार महिन्यांनी उत्तर काय, तर टेंडर नाही, वर्क ऑर्डर नाही, आमच्या काळातलं काम नाही. इंजिनिअर खासगीत म्हणतात पुढच्या कामात ॲडजस्ट करून देतो. आणि भाऊ वैतागून विचारतात, माझी कॉलर उघडून घेऊन जाऊ का?

शेवटचं आधी सांगतो. अजिबात हात लावू नका. पाणी वाटपाच्या यंत्रणेचं नुकसान केलं तर सार्वजनिक मालमत्ता नुकसान प्रतिबंध कायदा १९८४ लागतो, त्यात कमीत कमी सहा महिने आणि जास्तीत जास्त पाच वर्षं सक्तमजुरी आहे. पैसे तुमचे अडकलेत आणि आरोपीही तुम्हीच, असं व्हायला नको.

आता पैशाचं. वर्क ऑर्डर नाही म्हणजे रीतसर करार नाही, हे त्यांचं म्हणणं खरंय, त्याच्यावर भांडत बसू नका. पण भारतीय करार कायदा १८७२ चं कलम ७० नेमकं अशाच माणसासाठी आहे. तुम्ही कायदेशीर रीतीने दुसऱ्यासाठी काम केलं, फुकट करायचा इरादा नव्हता आणि समोरच्याने त्याचा फायदा घेतला, तर त्याने मोबदला द्यायचा. सरकारी करार कागदावर नीट झालेला नसला तरी हे कलम लागतं हे सुप्रीम कोर्टाने पश्चिम बंगाल सरकार विरुद्ध बी. के. मंडल अँड सन्स या केसमध्ये कधीच सांगून ठेवलंय, तिथंही ठेकेदाराने अधिकाऱ्यांच्या सांगण्यावरून बांधकाम केलं होतं आणि सरकार म्हणत होतं करारच नाही. तुमच्या लाईनमधून आज पाणी वाहतंय, यापेक्षा मोठा फायदा काय दाखवायचा?

"आमच्या काळातलं नाही" हे तर बोलायचंच नाही त्यांनी. नगरपरिषद ही कायद्याने एक संस्था आहे, माणसं बदलली तरी देणं तिचंच राहतं. शिवाय १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमात कलम ५८ मध्ये तातडीचं काम लगेच करायला सांगायचा अधिकार अध्यक्षांना दिलाय, खर्च नगरपरिषदेच्या फंडातनं, फक्त नंतर कारणांसकट सभेपुढे ठेवायचं. प्रशासकांच्या काळात ते अधिकार त्यांच्याकडे होते. त्यांनी पुढची कागदाची पायरी गाळली असेल तर ती चूक ऑफिसची. त्यामुळे एक अर्ज मुख्याधिकाऱ्यांना द्या, विषय सभेपुढे ठेवून कार्योत्तर, म्हणजे काम झाल्यानंतरची, मंजुरी घ्यावी म्हणून, आणि आवक शिक्का घेतल्याशिवाय तिथनं हलू नका. कधी कधी एवढ्यानेच काम होतं.

ॲडजस्टचं मात्र डोक्यातनं काढा. मागची तारीख घालून ऑर्डर तयार करणं, न केलेल्या कामाचं बिल लावणं, हे ऑडिटला सापडलं की इंजिनिअर कागद तुमच्याकडे ढकलणार आणि आज प्रामाणिक असलेला तुमचा दावा त्या दिवशी बोगस दिसणार.

आता खरी घाई कशाची ते ऐका. साधारणपणे केलेल्या कामाच्या पैशाच्या दाव्याला तीन वर्षं मिळतात, पण त्याच १९६५ च्या अधिनियमाचं कलम ३०४ सांगतं की कायद्याखाली केलेल्या कृतीबद्दल नगरपरिषदेवर दावा लावायचा तर आधी एक महिन्याची लेखी नोटीस आणि सहा महिन्यांच्या आत दावा. पैसे थकवणं ही "कायद्याखाली केलेली कृती" होते का याच्यावर वकील तासभर वाद घालू शकतात, माझ्या मते होत नाही, पण तुमच्या १,८६,००० साठी तो वाद विकत कशाला घ्यायचा. काम झाल्यापासून धरले तर तुमचे सहा महिने मेच्या पहिल्या आठवड्यात भरतायत. म्हणजे नोटीस याच आठवड्यात स्पीड पोस्टने, पोचपावतीसकट गेली पाहिजे, एप्रिलमध्ये दावा तयार पाहिजे. दावा स्थानिक दिवाणी न्यायालयात कनिष्ठ स्तराकडे. कुणी म्हणेल १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच झालंय, तिथं रिट (थेट हायकोर्टातला अर्ज) टाका, पण कुठे किती पाईप टाकला असल्या भानगडीत रिटमध्ये कोर्ट सहसा पडत नाही, पुरावा लागतो आणि तो खालच्या कोर्टात नोंदवायचा असतो.

पुराव्याबद्दल एक सांगतो. माहिती अधिकाराचा अर्ज टाका, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत, तीस दिवसांत उत्तर. त्यात फक्त तुमची फाईल मागू नका, उपसा केंद्राचं त्या तीन दिवसांचं लॉगबुक मागा. पंप कधी बंद झाला, कधी सुरू झाला, हे ऑपरेटरने तेव्हाच लिहिलेलं असतं आणि त्याला तुमच्या बिलाशी काही देणंघेणं नसतं, म्हणून ते कोर्टात वजनदार. व्हॉट्सॲपचे मेसेज आणि खड्ड्याचे फोटो ज्या मोबाईलमध्ये आहेत तो विकू नका, मोबाईलमधला पुरावा कोर्टात चालायला लागणारं भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र त्याच्यावरच करावं लागेल. जेसीबीवाला, वेल्डर आणि वॉल्व्हमन कोण होते ते आज लिहून ठेवा.

रकमेबद्दल प्रामाणिक राहा. कलम ७० मध्ये तुम्ही लावलेलं बिल जसंच्या तसं मिळत नाही, वाजवी किंमत मिळते. महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाच्या, म्हणजे राज्याच्या पाणीपुरवठा संस्थेच्या, दरसूचीशी तुमचे दर लावून बघा, रात्रीच्या कामाचे जास्त लावले असतील तर जेसीबीच्या तासांच्या पावत्या जोडा, पावती नसेल तिथे आकडा कमी करून मगच नोटिशीत घाला.