लेफ्ट बॅकची शिफ्ट कोणती?

प्रिय लेका,

अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज आला तेव्हा इथे स्कॉटलंडमध्ये, डंडीत रात्रीचे साडेअकरा वाजले होते, म्हणजे कोल्हापुरात पहाटेचे पाच. तिसरी पाळी करता करता लिहिलेला दिसतोय. 'मामा, डी लायसन्स झालं, आता फाउंड्रीचा राजीनामा देऊन पूर्णवेळ कोचिंग करतो, फर्ग्युसननेपण असंच केलं होतं.' फुटबॉल कोचिंगचं पहिल्या पायरीचं लायसन्स मिळवलंस, शाब्बास. राजीनाम्याचं मात्र जरा थांब, आणि मँचेस्टर युनायटेडच्या त्या अॅलेक्स फर्ग्युसनला आधी बाजूला ठेव.

त्याचंच सांगायचं तर त्याने तसं केलं नव्हतं. १९७४ साली बत्तीसाव्या वर्षी तो ईस्ट स्टर्लिंगशायर नावाच्या तळातल्या क्लबचा मॅनेजर, म्हणजे मुख्य कोच झाला, ते अर्धवेळच. आठवड्याला ४० पौंड. रुजू झाला तेव्हा क्लबकडे एकही गोलकीपर नव्हता. पुढे सेंट मिरेन क्लबला वरच्या लीगमध्ये चढवलं आणि १९७८ मध्ये त्याच क्लबने त्याला काढून टाकलं. पुढचं सगळं तुला तोंडपाठ आहे. पण गल्लीत बॅट धरणाऱ्या पोराला सचिनचा दाखला देऊन काय उपयोग? तसा एखादाच निघतो.

मी तुला दुसऱ्याच माणसाचं सांगतो. डिक कॅम्पबेल. जन्म १९५३चा, फाइफ भागातला. हा परगणा माझ्या घरासमोरच्या खाडीपलीकडेच आहे. खेळाडू म्हणून नाव काढावं असं फार काही नाही, ब्रीकिनसारख्या छोट्या क्लबांकडून खेळला. ब्रीकिनच्या मैदानाला एका बाजूने भिंत नाही, झुडपांचं उंच कुंपण आहे. बॉल त्यात गेला की शोधायचा. अशा ठिकाणी त्याचं आयुष्य गेलं. १९८७ मध्ये काउडनबीथ क्लबचा मॅनेजर झाला तेव्हापासून हेच करत आला. मध्ये १९९९ साली डनफर्मलिनबरोबर थेट वरच्या लीगमध्ये होता, त्या मोसमात टीम खाली घसरली आणि त्याची जागा गेली. मग पुन्हा ब्रीकिन. तिथे टीमला वर चढवलं. पार्टिक थिसलला २००६ मध्ये चढवलं, २००७ मध्ये हकालपट्टी. रॉस काउंटीत तर काही महिनेच. त्यानंतर फॉरफरमध्ये सात वर्षं, आणि शेवटी तिथूनही बाहेर. फॉरफरमध्ये असताना २०१३ च्या ऑगस्टमध्ये लीग कपात रेंजर्ससारख्या बड्या क्लबला २-१ हरवलं. रेंजर्स तेव्हा पैशाच्या भानगडीमुळे खालच्या लीगमध्ये होते हे खरं, पण रेंजर्स ते रेंजर्सच.

इतक्या वेळा काढलेला माणूस २०१६ मध्ये, बासष्टीचा असताना, आर्ब्रोथला आला. जुळा भाऊ इयन जोडीला. आर्ब्रोथ इथून गाडीने अर्ध्या तासावर. मी पहिल्यांदा गेलो तो मॅचसाठी नाही, धुरावलेल्या हॅडॉक माशासाठी. ते गाव त्यासाठीच प्रसिद्ध आहे. परत येताना मैदान दिसलं म्हणून तिकीट काढलं. गेफिल्ड पार्क. मैदानाची एक भिंत आणि तिच्यापलीकडे लगेच समुद्र. भरतीला वारा असला की लाटेचं पाणी भिंतीवरून प्रेक्षकांच्या अंगावर येतं. त्या दिवशी त्यांच्या गोलकीपरने गोल किक मारली. बॉल वर गेला, हवेत थांबल्यासारखा झाला आणि उलटा फिरून त्याच्याच पेनल्टी बॉक्सजवळ पडला. सगळे हसले. टचलाइनवर चपटी टोपी घातलेला म्हातारा हसला नाही. त्याने हाताचा पंजा जमिनीकडे दाबून दाखवला, बॉल खाली ठेवा. त्यानंतर हाफटाइमपर्यंत कीपरने एकही किक उंच मारली नाही.

आर्ब्रोथ म्हणजे १८८५ मध्ये बॉन अकॉर्डला ३६-० हरवणारा क्लब, जगभर तेवढ्यासाठीच माहीत. कॅम्पबेल आला तेव्हा क्लब चौथ्या, म्हणजे सगळ्यात खालच्या लीगमध्ये होता. २०१७ मध्ये ती लीग जिंकली, २०१९ मध्ये वरची जिंकली आणि चॅम्पियनशिपमध्ये पोचले. त्याच्यावर फक्त प्रीमियरशिप. २०२१-२२ चा मोसम मी कधी विसरणार नाही. बाकीच्या टीम रोज सकाळी सराव करणाऱ्या, पगारी. आर्ब्रोथचे खेळाडू दिवसभर आपापल्या कामावर आणि आठवड्यातून दोनदा संध्याकाळी सरावाला. त्यांचा एक विंगर कचरागाडीवर काम करायचा. पहाटे लोकांचे डबे रिकामे करून शनिवारी फुलबॅकला चकवणारा. इथल्या पेपरात हे कौतुकाने छापून यायचं. मला मात्र आपले पेठेतले खेळाडू आठवायचे, कुणी वर्कशॉपात, कुणी दूध संघात, आणि त्याबद्दल कधी कुणी बातमी केल्याचं मला तरी आठवत नाही.

२२ एप्रिल २०२२, किल्मार्नकच्या मैदानावर पहिल्या दोघांची गाठ. आर्ब्रोथ आघाडीवर होतं. मग बरोबरी झाली, आणि अगदी शेवटी किल्मार्नकचा दुसरा गोल. लीग किल्मार्नकला: ६७ विरुद्ध ६५ गुण. नंतर प्लेऑफमध्ये, म्हणजे वर चढायच्या दुसऱ्या संधीत, इनव्हर्नेसविरुद्ध दोन्ही सामने ०-० गेले, समोरचे नऊ खेळाडूंवर आले तरी गोल होईना, आणि पेनल्टीवर हरले. त्या रात्री गेफिल्डवरून गाडी चालवत घरी आलो तेव्हा तुझी मामी म्हणाली, तुम्ही कुणाच्या मयताला गेला होता का?

पुढच्या वर्षी ते खालून तिसरे. २०२३ च्या नोव्हेंबरात कॅम्पबेल बाहेर, आणि मोसम संपता संपता क्लब खालच्या लीगमध्ये. बाहेर पडल्यावर दोनेक महिन्यांतच सत्तरीचा हा गडी ईस्ट फाइफला, पुन्हा चौथ्या लीगमध्ये. २०२५ मध्ये प्लेऑफमधून त्यांनाही वर नेलं.

हे मी तुला का सांगतोय? कारण तू 'खालची लीग' म्हणजे जिना समजतोस. आज डी, उद्या सी, मग बी, मग पुणे, मग बंगळुरू. लायसन्सच्या पायऱ्या आहेत, त्या चढच. पण या माणसाने बहुतेक आयुष्य एकाच मजल्यावर काढलं आणि त्या मजल्याची विद्या वेगळी आहे. दोन सराव, दीड-दीड तासाचे, म्हणजे आठवड्याला तीन तास. तेवढ्यात प्रेसिंगचे, म्हणजे बॉल हिसकावायला दबाव टाकायचे, सतरा नमुने शिकवायला गेलास तर शनिवारी एकही आठवणार नाही. मी कोच असतो तर कॉर्नर, फ्री किक, थ्रो आणि आपण गोल केल्यानंतरची पहिली पाच मिनिटं, एवढंच घोटून घेतलं असतं. उरलेला वेळ माणसांना. कोण कुठे कामाला आहे, कोण थकून येतो, कुणाचा मालक सुट्टी देत नाही, कुणाला गाडीत घालून आणावं लागतं. मला वाटतं, कॅम्पबेलची खरी कमाई इथे आहे.

माझी फजितीही सांगतो. इथे चार वर्षं मी एका मुलांच्या टीमला शिकवत होतो. वहीत आकृत्या, रंगीत शंकू, शिट्टी, सगळा थाट. सराव सहाला. एक पोरगा कायम सहा वीसला यायचा आणि मी त्याला शिक्षा म्हणून पहिला अर्धा तास बाजूला बसवायचो. थंडीत, बाकावर. वर्ष संपताना त्याच्या आजीने सांगितलं की त्यांच्या वस्तीतून येणारी बस सहा सतराला थांबते, आधीची पाच वाजता. त्यावेळी त्याची शाळेनंतरची शिकवणी. मी सराव साडेसहाला ठेवला असता तर कुणाचंच काही बिघडलं नसतं. चार वर्षांत मी बसचं वेळापत्रक एकदाही बघितलं नव्हतं. पोरगा नंतर आला नाही.

तर राजीनामा आत्ता नको. घरी ताईला गुडघेदुखीचा खर्च आहे, तुझा पगार नियमित आहे, आणि तुझ्या तालमीच्या टीमला पगारी कोच लागत नाही, हे तू मला स्वतःच सांगितलंस. तिसरी पाळी मात्र सोडवून घे. सुपरवायझरला जाऊन स्पष्ट सांग की मला पहिली पाळी दे, मी रविवारचा ओव्हरटाइम करतो. तो ऐकेल, फाउंड्रीत रविवारी माणूस मिळत नाही. सी लायसन्सचा कोर्स लागला की रजा लावून कर. पैसे कमी पडले तर मला सांग, लाजू नकोस; ताईला सांगायची गरज नाही. दोन वर्षं तालमीच्या पोरांना घेऊन शाहू स्टेडियमवर उतर आणि मग पुन्हा राजीनाम्याचं बोलू.

आणि हरल्यावर रेफरीच्या अंगावर जायचं बंद कर. मागच्या मोसमाचा व्हिडिओ मला तुझ्याच मित्राने पाठवला. बाह्या वर करून चाललेला माणूस ओळखायला मला चष्मा लागला नाही.

रविवारी फोन कर. टीमची यादी हाताशी ठेव; मी फॉर्मेशन विचारणार नाही. तुझा लेफ्ट बॅक गेल्या तीन मॅचला हाफटाइमनंतर पळत नाही असं लिहिलंस, आणि त्याला बसवायचं म्हणतोस. तो कुठे कामाला आहे आणि शनिवारी त्याची शिफ्ट किती वाजता सुटते, तेवढं त्याला विचारून ठेव.

तुझा,
मामा