झाडांची ओढ आहे, पण गणित नको वाटतं

प्रश्न : मला नैसर्गिक संसाधन संवर्धन या विषयात पदवी घ्यायची आहे. झाडं, पक्षी, पाणी यांची लहानपणापासून ओढ आहे. गणित मात्र नकोसं वाटतं. घरचे म्हणतात, पर्यावरणशास्त्र घे नाहीतर वनशास्त्र. या पदवीत त्यापेक्षा वेगळं काय असतं? आणि पुढे काम काय मिळतं?

उत्तर : तुझी ओढ खरी आहे, हे पत्र वाचताना जाणवलं. मी थांबले ती गणिताच्या वाक्यापाशी, कारण हीच पदवी घेताना मला पहिली ठेच तिथेच लागली होती.

पहिल्या वर्षी आम्हाला जंगलात एक मीटर लांब-रुंद चौकटी टाकून त्यांतली रोपं मोजायला पाठवलं होतं. पावसाळी दिवस, पायाखाली चिखल. आमच्या गटाने सगळ्या चौकटी पायवाटेच्या कडेनेच टाकल्या. रोपं जेमतेम निघाली. ‘हे जंगल म्हातारं होत चाललंय, नवी झाडं उगवतच नाहीत,’ असा अहवाल मी अगदी कळवळून लिहिला. बाईंनी तो शांतपणे वाचला आणि विचारलं, ‘चौकटी कुठे टाकायच्या, हे कोणी ठरवलं?’ मग नकाशावर चौकोन आखून, चिठ्ठ्या काढून जागा ठरवल्या आणि काट्याकुट्यांत शिरून पुन्हा मोजलं. रोपं भरपूर होती. वाटेजवळची तेवढी पायदळी जात होती.

अशी चूक मोठ्या प्रमाणावर झाली की काय होतं, ते कॅनडाच्या न्यूफाउंडलंडने भोगलं आहे. तिथला समुद्र कॉड माशासाठी शतकानुशतकं प्रसिद्ध. १९८०च्या दशकात समुद्रात किती कॉड आहेत याचा अंदाज बांधताना ट्रॉलरना, म्हणजे मोठं जाळं ओढत नेणाऱ्या बोटींना, किती मासळी मिळते, यावर बराच भर दिला गेला. पण मासा जिथे आहे तिथेच ट्रॉलर जाणार! त्यात संख्या घटली तरी उरलेले कॉड थव्याने एकत्र येत होते. जाळी भरत राहिली, अंदाज फुगत राहिला. १९९२मध्ये सरकारला कॉडची मासेमारी बंद करावी लागली आणि हजारो कुटुंबांची चूल त्यावर अवलंबून होती. म्हणून सांगते, संख्याशास्त्राचा तास चुकवू नकोस. नमुना कुठून घेतला, किती घेतला, त्यावरून किती बोलता येतं, एवढं पक्कं झालं तरी तू खूप पुढे जाशील. त्यासाठी गणितात हुशार असावं लागत नाही, चिकाटी लागते.

आता फरक. पर्यावरणशास्त्रात हवा-पाण्याचं प्रदूषण आणि रसायनशास्त्र जास्त, वनशास्त्रात जंगल केंद्रस्थानी. तुझ्या पदवीत माती, पाणी, कुरणं, जंगल, वन्यजीव, मासळी हे सगळं एकत्र येतं आणि मुख्य प्रश्न असतो : यातून किती घ्यायचं आणि ते कोणी ठरवायचं? म्हणून कायदा आणि अर्थशास्त्रही शिकावं लागतं. स्वित्झर्लंडमधल्या टोर्बेल गावात १५१७मध्ये लेखी नियम झाला की, हिवाळ्यात जेवढ्या गाई स्वतःच्या चाऱ्यावर पोसता येतील, तेवढ्याच उन्हाळ्यात सामायिक कुरणावर न्यायच्या. अशा व्यवस्थांचा अभ्यास करणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. तो धडा शिकले तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, आपण योग्य ठिकाणी आलोय.

पदवीचं नाव प्रत्येक विद्यापीठात वेगळं असतं, त्यामुळे नावावर जाऊ नकोस. अभ्यासक्रम मागवून वाच. प्रत्यक्ष मैदानात किती दिवस नेतात, हे आवर्जून विचार. ओली माती बोटांत मळून वाळू खरखरते, गाळ पिठासारखा लागतो, चिकणमातीची लांब पट्टी निघते, हे फळ्यावर कळत नाही. उपग्रहचित्रं वाचायला आणि जीआयएस, म्हणजे संगणकावर नकाशा आणि माहिती जोडून अभ्यासायचं तंत्र, शिकवतात का, तेही बघ. कामाच्या अनेक वाटा तिथून निघतात.

काम मिळतं : वनखातं, पाणलोट प्रकल्प, अभयारण्यं, सल्लागार संस्था. पण सुरुवातीची नेमणूक बऱ्याचदा मुदतीची, घरापासून लांबची असते. घरच्यांना हे आधीच सांग, नंतर कळलं तर त्यांना जास्त लागेल.

प्रवेशअर्ज भरण्याआधी एक कर. दोरीने एक चौरस मीटर जागा आख. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, तिथे किती प्रकारची रोपं आहेत आणि प्रत्येकाची संख्या किती, ते वहीत लिही. पाऊस असो, कंटाळा येवो, सहा आठवडे एकही वार चुकवू नकोस. मग ती वही घेऊन मला पुन्हा लिही; आकडे जसेच्या तसे पाठव, खाडाखोडीसकट.