राफ्ट की पाइल? आधी खड्डा घे

घराच्या पायाला राफ्ट (सगळ्या घराखाली एकच काँक्रीटचा स्लॅब) घालू की पाइल (जमिनीत खोल उतरणारे काँक्रीटचे खांब), असं विचारलंस. प्लॉट काळ्या मातीचा आहे म्हणतोस, तर आधी दोन-तीन ठिकाणी खणून मुरूम किती खोल लागतो ते स्वतः उतरून बघ. दीड-दोन मीटरवर घट्ट मुरूम लागला तर राफ्टही नको आणि पाइलही नको. साधे फुटिंग (प्रत्येक कॉलमखालचा रुंद पाया) मुरमात टेकव आणि मोकळा हो.

मुरूम खोल असेल तेव्हा खरा प्रश्न येतो. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. एप्रिलमध्ये तिच्या भेगेत अख्खा हात जातो. वरच पातळ राफ्ट टाकलास तर कडा आणि मधला भाग वेगवेगळे हलतात आणि दाराच्या कोपऱ्यातून तिरकी चीर निघते. अशा जमिनीत एकमजली घराला मी अंडर-रीम्ड पाइलच (खालच्या टोकाजवळ फुगवलेला पाइल) सांगेन: 30 सेंटिमीटर व्यास, साधारण साडेतीन मीटर खोली, खाली व्यासाच्या अडीचपट रुंद फुगवटा, म्हणजे बल्ब. भारतीय मानक 2911 च्या तिसऱ्या भागात सगळं आहे, नीट वाच.

एक गोष्ट मात्र समोर उभा राहून करून घे. पाइलवरच्या बीमखाली किमान 8 सेंटिमीटर पोकळी हवी. गवंडी सवयीने तिथे माती दाबून भरतात, मग पावसाळ्यात तीच माती बीमला खालून उचलते.

राफ्ट चांगला कुठे? जमीन मऊ आहे पण फुगणारी नाही, आणि फुटिंगांनी निम्म्याहून जास्त जागा व्यापली तिथे. म्हणून फ्री स्वेलची चाचणी (माती पाण्यात किती फुगते ते मोजणारी) आधी करून घे. खर्च किरकोळ आहे.