रक्त घेण्याआधी पोराची मान बघ

पोरी, शाळेतलं लठ्ठ पोर रक्त तपासायला आलं की आधी त्याची मान बघ. मानेमागं, काखेत काळपट, मखमलीसारखी कातडी दिसली तर तो मळ नव्हे. आई घासून घासून दमलेली असते बिचारी. इन्सुलिनचा परिणाम कमी पडत असल्याची ती खूण असू शकते. मग टेप लाव. कंबर उंचीच्या निम्म्याहून जास्त भरली तर फॉर्मवर लिहूनच ठेव.

रिपोर्ट आला की सगळे एकूण कोलेस्टेरॉल बघतात. या पोरांत ते बऱ्याचदा ठीकच असतं. तू ट्रायग्लिसराइड म्हणजे रक्तातली चरबी आणि एचडीएल म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल बघ. दहा वर्षांवरच्या पोराचं पहिलं 130 mg/dL किंवा त्याच्या वर आणि दुसरं 40 च्या खाली दिसलं की डॉक्टरांना लगेच दाखव.

उपाशीपोटीची खात्री मात्र स्वतः कर. खानापूरहून पहाटेच्या बसनं आलेल्या एका पोराचं ट्रायग्लिसराइड भलतंच चढलेलं. आई शपथेवर सांगत होती, काही खाल्लं नाही म्हणून. खिशात कुंदा मिठाईचा चिकट कागद निघाला! तेव्हापासून मी पोरालाच जवळ घेऊन विचारते, "बसमध्ये काय खाल्लंस रे?" पाणी चालतं, तेही सांग.

आणि शीर सापडेना म्हणून "किती जाडा झालायस" असं तोंडातून काढू नकोस गं. ते पोर परत येत नाही. धमनीत चरबीच्या रेघा लहानपणीच उमटायला लागतात, पण या वयात त्या ओसरूही शकतात. म्हणून पुढची तारीख आईच्या हातात लिहून दे.